तांबड्या भाजीचा काही दोष नाही

पत्र : आम्ही डिचोली तालुक्यातले. ह्यांचं वय ५७. खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला. ह्यांचं रक्त पहिल्यापासून कमी. डोळे जरा पिवळट, म्हणून लहानपणापासून दर उन्हाळ्यात काविळीचं गावठी औषध. आठ वर्षांपूर्वी पित्ताशयातले खडे काढले. मी सहा वर्षं लोहाच्या गोळ्या, टॉनिक, बीट, खजूर, बिडाच्या कढईतली तांबडी भाजी, सगळं दिलं, पण हिमोग्लोबिन ८.६ च्या वर गेलं नाही. आता साखर निघाली म्हणून तपासण्या केल्या. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) १४६०, एचबीएफ (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन) ३८ टक्के. डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमिया इंटरमीडिया, लोह साठलंय, लिव्हरला सूज आहे. लोह काढायची पाण्यात विरघळवायची गोळी दिलीय, पण पोट ढवळतं म्हणून हे घेत नाहीत. म्हणतात, तीस वर्षं खाणीची धूळ खाल्ली, तेच हे लोखंड. मला वाटतं, मीच खाऊ घातलं. पुतण्या सांगतो, रक्त काढून टाकलं की लोह जातं. हे मोबाइलवर हेप्सिडिन नावाच्या, लोहावर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनाचं संशोधन वाचतात आणि म्हणतात, नवं औषध येईपर्यंत थांबूया. डॉक्टर मुलांचं रक्त तपासा म्हणतात. मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे, त्याच्या मेडिकलचा जुना रिपोर्ट सोबत जोडलाय. त्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. मुलीकडच्यांना कळलं तर मोडेल का? चूक नक्की कुणाची? थोरली मुलगी सावंतवाडीला दिलीय, तिला तिसरा महिना आहे, तिला अजून काही बोललो नाही.

ताई,

पत्राची शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मी नेमकी तिथेच थांबले. थोरलीला तिसरा महिना. लग्न, खाण, कढई, सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळी सावंतवाडीला फोन लावा. तिला सांगा की बाबांच्या रक्तात जन्मतःचा एक दोष सापडलाय, तो मुलांकडे जातो, आणि जावयांचं रक्त याच आठवड्यात तपासायचंय. तिचंही.

तपासण्या दोनच: रक्तपेशी मोजणारी सीबीसी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी. दोन्हींना एकदाच रक्त काढतात, उपाशी राहावं लागत नाही. जावयांचं रक्त निर्दोष निघालं तर बाळाला मोठ्या, म्हणजे जन्मभर रक्त चढवावं लागणाऱ्या, थॅलेसेमियाचं भय राहत नाही. बाळ फार तर आईसारखं वाहक होईल, म्हणजे एक जनुक सदोष, एक चांगला, आणि वाहक माणूस आजारी नसतो. जावईही वाहक निघाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते की बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळेल. मग आधी नवराबायकोचे नेमके दोष शोधायचे आणि त्यानंतर गर्भाच्या वारेचा कण काढून तपासायचा. ही तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात. ती वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासतात. म्हणून मी आजच फोन लावा म्हणते. 'तिला कसं सांगू' म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले, तर ते तिच्या वाट्याचे दिवस गेले. सिंधुदुर्गातली माणसं एरवीही उपचाराला बांबोळीला येतातच. गरज पडली तर तिला आणि जावयांना गोमेकॉत, म्हणजे तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, घेऊन या.

मुलगी वाहक असणार असं मी गृहीत धरते, त्याचं कारण यजमानांचं एचबीएफ. ते ३८ टक्के आहे, म्हणजे त्यांचे आईकडून आणि वडिलांकडून आलेले दोन्ही बीटा जनुक (हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारे) सदोष असण्याचीच शक्यता जास्त. जनुक-चाचणीनं ते पक्कं होईल. ज्याच्याजवळ दोन्ही सदोष, तो मुलांना चांगला कुठून देणार? त्याच्या प्रत्येक मुलाला एक सदोष जनुक मिळतोच. दुसरा मिळाला तो तुमच्याकडून. तेव्हा तुमचीही एचपीएलसी करून घ्या. सगळ्यांच्या तपासण्यांच्या धांदलीत आई राहून जाते, हे मी फार वेळा बघितलंय. आणि तुमच्या दिरांना, नणंदांनाही कळवा. सासूसासरे दोघेही वाहक असणार, म्हणजे हा प्रश्न त्यांच्या घरातही असू शकतो.

थोरलीला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हे पत्र वाचून तिनं त्या परस्पर बंद करू नयेत. वाहक बाईलाही खरोखरची लोहाची कमतरता असू शकते, गरोदरपणात तर नेहमीच दिसते. फेरिटिन बघून तिचे डॉक्टर ठरवतील. फॉलिक ॲसिड चालूच ठेवायचं.

आता तुमच्याशी बोलते. 'मीच खाऊ घातलं' हे वाक्य तुम्ही एकदा खोडून पुन्हा लिहिलंय, तिथे शाई पसरलीय. ताई, मी जवळजवळ चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर रक्ताच्या काचा बघण्यात घालवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गरोदर बाईची काच माझ्यासमोर आली. पेशी लहान, फिकट. काहींच्या मधोमध गडद ठिपका आणि भोवती पांढरं कडं, नेमबाजीच्या निशाणासारख्या. मी त्या बघितल्या, आणि तरीही कागदावर 'लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग' असं लिहून पुढची काच घेतली. लोह मोजायला सांगितलं नाही, नवऱ्याचं रक्त मागवलं नाही. दोन वर्षांनी त्याच आडनावाचा फॉर्म टेबलावर आला: नऊ महिन्यांचं मूल, हिमोग्लोबिन चार. मी जुनं रजिस्टर काढून बघितलं. अक्षर माझंच होतं. त्या बाईनंही दोन वर्षं गोळ्या घेतल्या होत्या, पालेभाज्या खाल्ल्या होत्या, सांगितलेलं सगळं केलं होतं.

'रक्त कमी म्हणजे लोह कमी' हे आम्ही डॉक्टरांनीच घरोघरी पोचवलंय. बहुतेक वेळा ते खरं निघतं, म्हणून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. यजमानांच्या बाबतीत तो विचारायला जागा होत्या. डोळ्यांचा पिवळेपणा, पित्ताचे खडे, गोळ्या घेऊनही न हलणारं हिमोग्लोबिन, सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होतं: तांबड्या पेशी वेळेआधी मोडतायत. मोडलेल्या पेशींतलंच पिवळं द्रव्य डोळ्यांत दिसतं आणि पित्ताशयात खडे होऊन बसतं. दर उन्हाळ्यातली ती कावीळ लिव्हरची नव्हतीच. हे ओळखणं तुमचं काम नव्हतं.

मुलाच्या रिपोर्टवरही थॅलेसेमियाची खूण दिसते आहे. हिमोग्लोबिन १२.१, आरबीसी ६.१, एमसीव्ही ६४. एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार, आरबीसी म्हणजे पेशींची संख्या. विल्यम मेंट्झर या डॉक्टरांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक साधा भागाकार सुचवला: एमसीव्हीला आरबीसीनं भागा, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्या, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. तुमच्या मुलाचं उत्तर साडेदहा. लोह कमी असेल तर हाडांतला रक्ताचा कारखाना पेशी लहान करतो आणि कमीही करतो. इथे पेशी लहान आहेत पण संख्या भरमसाट. निदान या भागाकारावर होत नाही, एचपीएलसीवर होतं. पण कंपनीच्या मेडिकलमध्ये 'सौम्य ॲनिमिया, आयर्न घ्यावे' असा शिक्का मारण्याआधी कुणी हा भागाकार केला असता तर बरं झालं असतं.

खाणीच्या धुळीचं यजमान म्हणतात, त्यांना तसं का वाटतं ते मला कळतं. तीस वर्षं माणूस तांबड्या रस्त्यावरून तांबडा होऊन घरी येतो, अंघोळीचं पाणी तांबडं, शर्ट तांबडे, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, अंगात लोह साठलंय. दुसरं काय वाटणार? पण आपल्याकडचं खनिज म्हणजे मुख्यतः हेमेटाइट, लोहाचं ऑक्साइड. ते पोटात गेलं तरी बहुतेक सगळं तसंच बाहेर पडतं. श्वासातून गेलेलं फुप्फुसात बसतं. धुळीनं छातीला त्रास दिला असेल, त्यासाठी छातीचे डॉक्टर वेगळे गाठा, तो प्रश्न खरा आहे. लिव्हरमधलं लोह मात्र त्या वाटेनं आलेलं नाही.

ते कुठल्या वाटेनं आलं, हे यजमान मोबाइलवर वाचतात त्याच संशोधनानं कळलं. ते वाचतात याचा मला आनंद आहे, फक्त पुरतं वाचावं.

धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. नव्या तांबड्या पेशी घडवायला अस्थिमज्जेला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लागतं, पण ते बाहेरून येत नाही. साधारण १२० दिवसांनी जुन्या पेशी मोडतात, त्यांतलंच लोह पुन्हा वापरलं जातं. आतडं जेवणातून रोज नवीन घेतं ते एक-दोन मिलिग्रॅम. आणि जादा झालेलं बाहेर टाकायला शरीराजवळ मार्गच नाही. म्हणून जे काही नियंत्रण आहे ते दारावरच. दारावर कोण बसलंय, हे कळायला २००१ साल उजाडलं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टोमास गँझ हे मुळात फुप्फुसांचे डॉक्टर. शरीर जंतूंशी लढायला कोणती प्रथिनं बनवतं, याचा ते शोध घेत होते. माणसाच्या लघवीत त्यांच्या गटाला एक चिमुकलं प्रथिन सापडलं, पंचवीस अमिनो आम्लांचं, लिव्हरमध्ये बनणारं. तेच हेप्सिडिन. त्याच वर्षी पॅरिसमध्ये सोफी व्होलोंत यांचा गट साखरेच्या संशोधनासाठी तयार केलेल्या उंदरांवर काम करत होता आणि त्या उंदरांच्या लिव्हरमध्ये लोहाचे थर साठत होते. शोधता शोधता कळलं की त्या उंदरांत हेप्सिडिन बनतच नव्हतं. पुढे २००४ साली एलिझाबेटा नेमेथ आणि गँझ यांनी दाखवलं की पेशीतून लोह बाहेर पडायचं जे दार असतं, फेरोपोर्टिन नावाचं, त्याला हेप्सिडिन जाऊन चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. हेप्सिडिन वाढलं की दारं बंद, घटलं की दारं सताड उघडी.

यजमानांना हे ट्रकच्या भाषेत सांगा. आतडं म्हणजे खाण, लिव्हर म्हणजे वाहतूक बंदची नोटीस काढणारं खातं, हेप्सिडिन म्हणजे ती नोटीस. अस्थिमज्जा म्हणजे माल मागणारा कारखाना. निरोगी माणसात साठा भरला की खातं नोटीस काढतं आणि ट्रक थांबतात. त्यांच्या कारखान्यात अडचण वेगळीच आहे. हिमोग्लोबिन बनायला अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या जोडीनं लागतात. बीटा कमी पडते, उरलेली अल्फा पेशीतच गोळा होते आणि पेशी कारखान्याच्या आतच फुटतात. दहा घडवायला घ्याव्यात आणि दाराबाहेर मोजक्याच पडाव्यात. बाहेर रक्त कमी, म्हणून कारखाना जीव तोडून आणखी माल मागत राहतो. ही मागणी लिव्हरला कळवणारा निरोप्याही सापडला, २०१४ साली. लिओन काउत्झ, नेमेथ आणि गँझ यांनी त्याला एरिथ्रोफेरोन असं नाव दिलं. हा निरोप आला की लिव्हर नोटीस काढतच नाही. धक्क्यावर ढीग लागलेत, बार्जी भरून उभ्या आहेत, तरी ट्रक येतच राहतात. तो ढीग लिव्हरमध्ये बसतो, स्वादुपिंडात बसतो. साखर निघाली तिला हेही एक कारण असू शकतं.

म्हणजे रक्ताची एकही बाटली न चढवता लोह साठलं ते असं, रोजच्या शीतकढीतून. दिवसाला तीन मिलिग्रॅम जादा धरा, वर्षाला ग्रॅमाहून जास्त होतं. हे चाललंय त्यांच्या तरुणपणापासून. तुमच्या सहा वर्षांच्या गोळ्यांनी आणि टॉनिकनं त्यात भर घातली, ते मी लपवणार नाही. पण गोळ्या नसत्या तरी ढीग झालाच असता.

आता त्यांचं 'थांबूया'. संशोधन चालू आहे हे खरंच. इटलीतल्या क्लारा कामास्केल्ला यांनी रक्ताचे आनुवंशिक आजार आणि लोह याच विषयावर आयुष्यभर काम केलंय. लिव्हरमध्ये हेप्सिडिन दाबून ठेवणारं एक विकर असतं. ते कसं काम करतं, हे त्यांच्या गटानं २००८ साली मांडलं. पुढे थॅलेसेमियाच्या उंदरांत तेच विकर काढून टाकलं, तर लोहाचा साठा घटला आणि पंडुरोगही सुधारला. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते: लोहाची आवक कमी केली आणि रक्त वाढलं. आपण घरोघरी करतो त्याच्या अगदी उलट. पेशी पक्व व्हायला मदत करणारं लस्पाटरसेप्ट हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून आहे. जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला ब्रिटननं २०२३ साली मान्यता दिली. पण उंदरापासून गोळीपर्यंतची वाट लांब असते आणि यजमानांचं लिव्हर आज सुजलंय. लोहानं लिव्हर कठीण होतं आणि पुढे कॅन्सरचंही भय असतं. रक्त न चढवलेल्या अशा रुग्णांत फेरिटिन ८०० च्या पुढे गेलं की लोह काढायला सुरुवात करतात. त्यांचं १४६०. शिवाय या प्रकारात फेरिटिनचा आकडा लिव्हरमधल्या खऱ्या साठ्यापेक्षा कमीच बोलतो. म्हणून लिव्हरचं लोह मोजणाऱ्या एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा.

तेव्हा गोळी घ्यायचीच, फक्त नीट घ्यायची. पाण्यात विरघळणारी म्हणजे डेफेरासिरॉक्स असणार. ती स्टीलच्या फुलपात्रात कशीतरी ढवळून जेवणावर घेतली जाते आणि मग पोट बिघडतं. काचेच्या ग्लासात भरपूर पाणी घ्या, गोळी पूर्ण विरेपर्यंत ढवळा, तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून प्या, आणि मग अर्धा तास काही खाऊ नका. रोज एकाच वेळी. या गोळीत लॅक्टोज असतं, काहींना तेवढ्यानंही जुलाब होतात. हलक्या जेवणाबरोबर गिळायची, वेष्टन असलेली गोळीही मिळते. ती चालेल का, किंवा मात्रा थोडीवरून चढवत नेता येईल का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पोट ढवळलं म्हणून ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड सोबत घेऊ नये. गोळी चालू असताना क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या दर महिन्याला, डोळे आणि कान वर्षाला एकदा. उलट्या-जुलाब जोरात लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, कारण किडनीवर ताण येतो.

पुतण्या सांगतो तो उपाय वेगळ्या आजाराचा, हिमोक्रोमॅटोसिसचा. त्याचा जनुक १९९६ साली सापडला, उत्तर युरोपच्या वंशाच्या लोकांत तो बराच आहे, आपल्याकडे विरळा. त्यांची अस्थिमज्जा धडधाकट असते, बाटलीभर रक्त काढलं तरी भरून निघतं. ८.६ हिमोग्लोबिनच्या माणसाचं रक्त काढायचं नसतं. पुतण्याला प्रेमानं सांगा, पण ठामपणे सांगा.

साखरेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून करतात ती एचबीए-वन-सी तपासणी यजमानांच्या बाबतीत भरवशाची नाही. ती तांबड्या पेशीच्या वयावर चालते आणि त्यांच्या पेशी तेवढ्या जगतच नाहीत. आकडा फसवा, चांगला दिसेल. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजा. हवं तर तांबड्या पेशींच्या वयावर न चालणारी फ्रुक्टोसामीन तपासणी करा. मधुमेहाच्या डॉक्टरांना थॅलेसेमिया आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

आणि जेवण. यजमानांच्या ताटातून सगळं हिरवं काढून टाकायचं कारण नाही. पालेभाजीतलं लोह तसंही शरीर जेमतेम घेतं. तांबडी भाजी, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून, तुम्ही करत होतात तशीच करा. बंद करायच्या त्या लोहाच्या गोळ्या, टॉनिक, जीवनसत्त्व सीच्या गोळ्या आणि काळीज. बिडाच्या कढईत आंबट पदार्थ शिजला की लोह उतरतं, म्हणून सोलं किंवा चिंच घातलेलं हुमण मातीच्या बुडकुल्यात करा. चवीलाही तेच बरं. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर त्यांना कपभर कोरा चहा द्या. एरवी आम्ही सगळ्यांना जेवणासोबत चहा नको म्हणतो, कारण तो लोह अडवतो. यांना अडवायचंच आहे, आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांत चहानं लोह कमी शोषलं जातं हे १९७९ सालीच मोजून झालंय.

संध्याकाळची फेणी, हुर्राक काही असेल तर ते मात्र संपलं. लोहानं सुजलेल्या लिव्हरला दारू सोसत नाही.

दुसरं, कालवां, तिसऱ्या, खुबे अर्धेकच्चे कधीही खायचे नाहीत. गँझ जंतुनाशक शोधायला निघाले आणि त्यांना लोहाचा पहारेकरी सापडला, हा नुसता योगायोग नव्हे. जंतूंनाही वाढायला लोहच लागतं, म्हणून ताप आला की शरीर लोह लपवून ठेवतं. यजमानांच्या अंगात ते उघड्यावर पडलेलं आहे. समुद्री शिंपल्यांत राहणारे काही जंतू अशा माणसाला दोन दिवसांत अत्यवस्थ करतात. नीट उकळून शिजवलेलं खुशाल खावं. आणि थंडी वाजून ताप आला तर घरी काढा करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

राहिलं लग्न. तुम्ही विचारलंत, मोडेल का. मोडूही शकेल, ताई. पण हा निर्णय तुमचा किंवा यजमानांचा नाही, मुलाचा आहे. रक्त त्याचं, बायको त्याची. आधी त्याची एचपीएलसी होऊ द्या. वाहक निघाला की त्यानं स्वतः, मध्ये मामा-काका न घालता, त्या मुलीशी बोलावं: 'माझ्या रक्तात थॅलेसेमियाचा एक जनुक आहे. मला काही आजार नाही, होणारही नाही. पण तुझं रक्त एकदा तपासूया.' एवढंच. भारतात शंभरातले तीन-चार जण वाहक आहेत, म्हणजे ती वाहक नसण्याचीच शक्यता कितीतरी मोठी. नसली तर विषय तिथेच संपला. असली तरी लग्न होऊ शकतं. वर थोरलीसाठी सांगितलं ते त्यांना दर वेळी, पहिल्या महिन्यापासून करावं लागेल.

हे लपवून ठेवलं तर काय होऊ शकतं, ते मी बघितलंय. मोठा थॅलेसेमिया असलेलं मूल जन्मतः गुटगुटीत असतं. सहा महिन्यांनंतर पांढरं पडायला लागतं. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्ताची बाटली, जन्मभर. एका बाटलीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं, निरोगी माणूस आतड्यातून तेवढं घ्यायला निदान तीन-चार महिने लावील. ती मुलं वॉर्डात हाताला सुई लावून चित्रांची पुस्तकं बघत बसतात आणि नर्सला नस कुठे सापडेल ते स्वतः दाखवतात. त्यांच्या आया एकच गोष्ट विचारतात: आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही?

'घराण्याला डाग' असं कुणी म्हणालं तर त्यांना हेही सांगा. डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी १९२५ साली हा आजार प्रथम वर्णिला, तो भूमध्य समुद्राकाठून आलेल्या इटालियन आणि ग्रीक घरांतल्या मुलांत. म्हणून समुद्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला थॅलेसेमिया नाव पडलं. पुढे कळलं, संबंध समुद्राशी कमी आणि हिवतापाशी जास्त. १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी म्हटलं की वाहकांना हिवताप कमी मारत असणार, म्हणून हा जनुक टिकला. हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. त्यांचं म्हणणं नंतर खरं ठरत गेलं. ज्या तापांनी जुन्या गोव्याची राजधानी ओस पाडली, त्या तापांतून तुमच्या यजमानांच्या पूर्वजांची काही लेकरं याच जनुकामुळे तगली असतील.

यजमानांनी गोळी पुन्हा सुरू केली की पहिल्या आठवड्यात पोट कसं राहतं ते एका कागदावर रोज लिहून ठेवा, डॉक्टरांना मात्रा ठरवायला उपयोग होतो. आणि जावयांचा रिपोर्ट आला की मला चार आकडे कळवा: हिमोग्लोबिन, आरबीसी, एमसीव्ही आणि एचबीए-टू (एचपीएलसीत वाहक ओळखायला बघतात तो आकडा). पाकिटावर मोठ्या अक्षरात 'तातडीचं' लिहा, म्हणजे ते सदराच्या गठ्ठ्यात न जाता सरळ माझ्या टेबलावर येईल.